इथे राहत होते

20 सप्टेंबर 2022, मंगळवार. सकाळी दहाच्या सुमारास आमच्या इमारतीच्या दारासमोर, फुटपाथमध्ये, तीन पितळी दगड बसले. त्यासाठीची पहिली ईमेल मी पाठवली होती मार्च 2019 मध्ये. मधली साडेतीन वर्षं कशी गेली ते लिहून ठेवते आहे, कारण जर्मनीत राहणाऱ्या दोन-तीन मराठी मैत्रिणींनी विचारलं, "हे आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाला करता येतं का?" येतं. नागरिकत्व कुणी विचारत नाही, धर्म विचारत नाही. चिकाटी मात्र लागते.

या दगडांना इथे 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात, म्हणजे ठेच लागणारा दगड. दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा पितळी पत्रा, खाली काँक्रीटचा ठोकळा. नाझी राजवटीने ज्यांना घरातून उचलून नेलं, त्यांचं नाव त्यांच्या शेवटच्या राहत्या, स्वतः निवडलेल्या घरासमोर बसवायचं, ही गुंटर डेम्निग या कलाकाराची कल्पना. पहिला दगड त्यांनी 1992 मध्ये कोलोनच्या नगरभवनासमोर बसवला, तो नाझींनी मारलेल्या सिंती आणि रोमा या समाजांतल्या लोकांच्या आठवणीसाठी. 1996 मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात त्यांनी पन्नासएक दगड बसवले ते परवानगी न घेताच. परवानगी नंतर मिळाली. पत्र्यावरचं एकेक अक्षर हाताने ठोकून उमटवतात. यंत्राने करायचं नाही, हे मुद्दाम ठरवलेलं आहे.

माझी सुरुवात पावापासून झाली. आम्ही 2014 पासून बर्लिनच्या श्योनेबेर्ग भागात राहतो. या वस्तीत दिव्याच्या खांबांवर पाट्या लावलेल्या आहेत, एकूण 80. रेनाटा श्टीह आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलाकारांनी 1993 मध्ये केलेलं हे स्मारक. पाटीच्या एका बाजूला साधं, लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखं रंगीत चित्र आणि दुसऱ्या बाजूला त्या काळचा एखादा हुकूम, तारखेसकट. मांजराच्या चित्रामागे लिहिलंय की ज्यूंनी पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत, 15 फेब्रुवारी 1942. पावाच्या चित्रामागे: बर्लिनमध्ये ज्यूंनी अन्नपदार्थ फक्त दुपारी 4 ते 5 या वेळात विकत घ्यायचे, 4 जुलै 1940. मी एका दवाखान्यात हिशेब बघते, साडेचारला सुटते आणि येताना पाव घेते. चार वर्षं त्या पाटीखालून गेल्यावर एके दिवशी घड्याळात पाहिलं तर चार पंचेचाळीस झाले होते. हातातला पाव घरी येईपर्यंत जड वाटत राहिला.

त्यानंतर 9 नोव्हेंबर 2018 आला, नाझींनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली त्या रात्रीला 80 वर्षं झाली तो दिवस. शेजारच्या गल्लीत माणसं गुडघ्यावर बसून दगड पुसत होती, बाजूला मेणबत्त्या आणि पांढरी गुलाबं. आमच्या इमारतीसमोर काहीच नव्हतं. इमारत 1908 ची आहे. म्हणजे तेव्हाही इथे कुणीतरी राहतच होतं.

शोध कुठून सुरू करायचा हे मला अजिबात माहीत नव्हतं, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते. सर्वांत आधी जुनी पत्तापुस्तकं बघा. बर्लिनची 1943 पर्यंतची पत्तापुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाने इंटरनेटवर मोफत ठेवली आहेत आणि त्यात गल्लीवार, घरक्रमांकवार नावं सापडतात. पण फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बायका-मुलं, पोटभाडेकरू नसतात. शिवाय युद्धानंतर काही रस्त्यांची नावं आणि घरांचे क्रमांक बदलले, तेव्हा आपला आजचा क्रमांक तोच आहे ना, हे जुन्या नकाशावर पडताळून घ्या. दुसरी जागा म्हणजे 17 मे 1939 च्या जनगणनेवर आधारलेलं 'मॅपिंग द लाइव्ज' हे संकेतस्थळ. तिथे थेट पत्ता टाकून शोधता येतं.

तिसरी जागा आमच्या भागापुरती, पण बर्लिनला येणाऱ्या प्रत्येकाने बघावी अशी. श्योनेबेर्गच्या नगरभवनात 'आम्ही शेजारी होतो' नावाचं कायमचं प्रदर्शन आहे. भिंतींवर हाताने लिहिलेली कार्डं लावलेली आहेत, सहा हजारांहून जास्त, या भागातून नेलेल्या ज्यू माणसांची, रस्त्यांच्या नावांप्रमाणे. मधोमध वाचनालयासारखी टेबलं आणि त्यावर एकेका कुटुंबाचे अल्बम. मी जानेवारी 2019 मधल्या एका शनिवारी गेले. आमच्या रस्त्याचं नाव सापडायला पाच मिनिटं लागली. आमच्या घरक्रमांकाची चार कार्डं होती.

दोन कार्डांवर एकच आडनाव होतं. नवरा 1889 चा, बायको 1896 ची. 27 नोव्हेंबर 1941, रिगा, म्हणजे लाटव्हियाची राजधानी. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. नावं दगडावर असावीत पण इंटरनेटवर आपल्या घरच्यांची चर्चा नको, असं त्यांच्या नातवाने सांगितलं आहे. नातू कसा सापडला ते पुढे येईलच.

नावांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण शोधात सगळे इथेच अडखळतात. 1 जानेवारी 1939 पासून ज्यूंना आपल्या नावात सक्तीने भर घालावी लागली: पुरुषांनी 'इस्रायल', बायकांनी 'सारा'. ज्यांची नावं सरकारी यादीत 'ज्यू' ठरवलेली होती तेवढेच यातून सुटले. त्यामुळे कागदपत्रांत एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हांनी येतं. शोधताना ती सक्तीची नावं काढून शोधा, नाही सापडलं तर घालून शोधा. दगडावर ती घालत नाहीत.

मी अलिबागची. आमच्याकडे इस्रायल आळी आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, त्या बेने इस्रायलींची. त्यांच्या घरी मराठीच बोलत. नवस फेडला की शेजारच्या मावशी मलिदा द्यायच्या, गोड पोहे, वर नारळ आणि फळं. 'बेने इस्रायल' म्हणजे इस्रायलची लेकरं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. माझ्यासाठी ते नाव म्हणजे मलिद्याची ताटली. त्याच नावाचा इथे एका हिशेबनिसाच्या सहीमध्ये घुसवलेला शब्द झालेला पाहिला, तेव्हा मी ते पान पालथं घातलं आणि थोडा वेळ बाहेर जाऊन बसले.

हो, तेही हिशेबनीसच होते. हे कळलं बर्लिनशेजारच्या पॉट्सडामच्या अभिलेखागारात. बर्लिनमधून ज्यांना नेलं, त्यांच्या मालमत्तेच्या फायली ब्रांडेनबुर्ग राज्याच्या मुख्य अभिलेखागारात आहेत. मार्च 2019 मध्ये मी दोन गोष्टी एकाच आठवड्यात केल्या: आमच्या भागाच्या दगडांचं काम बघणाऱ्यांना ईमेल आणि या अभिलेखागाराकडे फाइल पाहण्यासाठी अर्ज. दगडांचं उत्तर आठ दिवसांत आलं. यादी मोठी आहे, किमान तीन वर्षं लागतील, तोवर माहिती स्वतः जमवलीत तर फार मदत होईल. अभिलेखागाराचं उत्तर यायला सहा आठवडे लागले. मेच्या शेवटी रजा टाकून गेले. (पॉट्सडाम 'क' विभागात येतं, बर्लिनचं साधं तिकीट तिथे चालत नाही. पेनही आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्यावी.)

फायलीत 16 पानी छापील फॉर्म असतो: मालमत्तेचं घोषणापत्र. नेण्याआधी तो त्यांच्याकडूनच भरून घेत. किती खुर्च्या, किती चादरी, किती चमचे, बँकेत किती, कुणाचं देणं किती. त्यांनी तो सुबक अक्षरात भरला होता, बेरजा बरोबर. पियानो 1. शिवणयंत्र 1. स्वयंपाकघरातल्या खुर्च्या 3. परदेशी गेलेल्या कुटुंबीयांच्या रकान्यात लिहिलं होतं: मुलगी, इंग्लंड. मी रोज रकानेच बघते. इतक्या काळजीने केलेली बेरीज मी क्वचित पाहिली आहे.

पुढची पानं त्यांच्या अक्षरातली नाहीत. 25 नोव्हेंबर 1941 ला एक नियम निघाला की देशाची सीमा ओलांडली की ज्यू माणसाचं नागरिकत्व जातं आणि मालमत्ता सरकारजमा होते. दोनच दिवसांनी त्यांची गाडी निघाली. लेवेत्सोव्ह रस्त्यावरचा सिनेगॉग तेव्हा माणसं गोळा करून ठेवायची जागा झाला होता. तिथून ग्रूनेवाल्ड स्थानक आणि तिथून रिगा. 30 नोव्हेंबरच्या सकाळी त्या गाडीतल्या हजाराहून अधिक बर्लिनकरांना रिगाजवळच्या रुम्बुलाच्या जंगलात गोळ्या घातल्या, गाडी पोहोचली त्याच सकाळी. आणि फायलीत डिसेंबरच्या मध्यावरचं एक पत्र आहे: घराला सरकारी सील असल्याने घरमालकाला डिसेंबरचं भाडं मिळालेलं नाही, ते कुणी द्यायचं? त्यानंतर विजेची थकबाकी. मग पियानोची किंमत ठरवणारा कागद. ज्यांच्या नावाने हा पत्रव्यवहार चालला होता ती माणसं तेव्हा जिवंत नव्हती, आणि एकाही कागदावर तसं लिहिलेलं नाही.

प्रतींसाठी 14 युरो लागले. जुन्या जर्मन लिपीतलं हस्ताक्षर मला वाचता येईना. आमच्या भागातल्या स्वयंसेवक गटातल्या निवृत्त शिक्षिकेने दोन संध्याकाळी बसून सगळं वाचून दिलं, एक पैसा न घेता. अशी माणसं प्रत्येक भागात आहेत. संकोच न करता विचारा.

आता मुलगी. याद वाशेम या जेरुसलेममधल्या होलोकॉस्ट स्मारकाच्या संग्रहात 'साक्षपत्रं' असतात. मारल्या गेलेल्यांबद्दल नातेवाईकांनी भरून दिलेला एकेक कागद, आणि तेही इंटरनेटवर मोफत शोधता येतात. 1970 च्या दशकात तिने आईबापांसाठी दोन पत्रं भरली होती. खाली तिचं लग्नानंतरचं नाव आणि इंग्लंडमधला पत्ता. 1938 च्या डिसेंबरपासून युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे 10,000 मुलांना आईबापांशिवाय ब्रिटनला नेलं गेलं. त्यांतली ती एक. वय 12. त्या पत्त्यावर मी पत्र टाकलं, साधं, टपालाने. पाच महिने काहीच नाही. मी आशा सोडली होती. नोव्हेंबरमध्ये ईमेल आली. तिथल्या नव्या मालकाने पत्र शेजाऱ्यांना दाखवलं होतं आणि फिरत फिरत ते तिच्या मुलाला मिळालं होतं. आई 2009 मध्ये गेली, असं त्याने लिहिलं. आणि आजी-आजोबांचं घर कोणत्या मजल्यावर होतं ते विचारलं.

तिसरा, डावीकडे, असं मी कळवलं. भाडेकरूंच्या फायलीत तेही होतं.

मुलीचा दगड बसवावा की नाही यावर आमचं बरंच बोलणं झालं. तो म्हणाला, आई तर वाचली. डेम्निग यांचा आग्रह असतो की कुटुंब दगडांमध्ये तरी एकत्र यावं, वाचलेल्यांसकट. हे मी त्याला लिहिलं, पण रेटलं नाही. तुम्हालाही माझं हेच सांगणं आहे: नातेवाईक सापडले की त्यांच्या मर्जीला आपल्या उत्साहापेक्षा मोठं माना. दोन महिन्यांनी त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "तिला त्यांच्या शेजारी ठेवा."

मग इमारतीतली बैठक, फेब्रुवारी 2020. फुटपाथ सार्वजनिक असल्याने घरमालकाची परवानगी लागत नाही, पण एकत्र राहणाऱ्यांना आधी सांगावं. तळमजल्यावरच्या आजींनी, त्या तेव्हा 86 वर्षांच्या, स्पष्ट विरोध केला. "लोक त्यांच्या नावावर पाय देणार. कुत्री येणार. पुन्हा एकदा पायदळी?" हा आक्षेप हलका नाही. म्युनिक शहराने नेमक्या याच कारणावरून सार्वजनिक जागेत हे दगड बसवू दिलेले नाहीत, आणि तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोटे क्नोब्लोख, ज्या स्वतः त्या काळातून वाचल्या, त्यांचंही मत तेच. मी आजींना पटवायला गेले नाही. मलाही नावाला पाय लागला की हात छातीकडे जातो. आपल्याकडे तर कागदाला पाय लागला तरी नमस्कार करतात. एवढंच म्हटलं की नाव वाचायला माणसाला मान खाली घालावी लागते. त्या काही बोलल्या नाहीत. जिन्यात पाकीट लावलं. एका दगडाला तेव्हा 120 युरो लागत, तिघांचे 360. अकरा घरांमधून नऊ दिवसांत जमले. एका नोटेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लहान मुलाच्या अक्षरात फक्त घरक्रमांक होता.

मार्चमध्ये कोरोना आला आणि सगळं थांबलं. 2020 पूर्ण गेलं, 2021 बहुतेक. त्या काळात मजकूर पक्का केला. दगडावर जागा फार थोडी: 'इथे राहत होते', नाव, जन्मवर्ष, कधी नेलं, कुठे, काय झालं. बायकोचं जन्मवर्ष एका यादीत 1896 होतं, दुसऱ्या यादीत 1898. अशा वेळी अंदाज करू नका. जर्मनीत लग्नाच्या नोंदी 80 वर्षांनी, जन्माच्या 110 वर्षांनी आणि मृत्यूच्या 30 वर्षांनी अभिलेखागारात खुल्या होतात. त्यांचं लग्न 1925 चं, बर्लिनमधलंच. नोंद मिळाली: 1896. भिंतीवरचं कार्ड बरोबर होतं. शेवटच्या ओळीत जर्मनमध्ये 'एरमोर्डेट' लिहितात, म्हणजे खून केला. 'मृत्यू' असं लिहीत नाहीत. मी घरी आईला फोनवर मजकूर मराठीत सांगत होते आणि 'वारले' म्हणून गेले. तिनेच थांबवलं, "वारले कसे म्हणतेस?"

जुलै 2022 मध्ये तारीख आली. तारीख आपण निवडू शकत नाही, वेळही पाऊण तास मागेपुढे होते. लांबून येणाऱ्यांना हे आधीच सांगा. आदल्या रात्री दारासमोरच्या सायकली हलवायला चिठ्ठ्या लावल्या. तिचा मुलगा, म्हणजे त्या जोडप्याचा नातू, आणि त्याची बायको दोन दिवस आधी आले. मी त्यांना फ्रीडरिखश्ट्रासे स्थानकाबाहेरचं शिल्प दाखवायला नेलं: बॅगा घेतलेली मुलं, दोन एका दिशेला, बाकीची विरुद्ध दिशेला. ते फ्रांक माइस्लर यांनी केलं आहे. ते स्वतःही अशाच गाडीने इंग्लंडला पोहोचले होते. मुलाने शिल्पाला हात लावला नाही, फोटो काढला नाही. बराच वेळ बॅगांकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी ग्रूनेवाल्ड, फलाट 17. फलाटाच्या कडेने लोखंडी पट्ट्या आहेत, एकेका गाडीची एकेक: तारीख, माणसांची संख्या, कुठून कुठे. 27.11.1941 ची सापडली. रुळांमधून आता झाडं उगवली आहेत, ती मुद्दाम तशीच ठेवली आहेत.

मंगळवारी रस्तेविभागाचे दोन कामगार आले. फरसबंदीचे तुकडे काढले, वाळू, तिन्ही ठोकळे, रबरी हातोडा, पुन्हा वाळू, झाडू, पाणी. पंचवीस मिनिटं. कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची ज्यू प्रार्थना, म्हणायला परंपरेने दहा ज्यू प्रौढ लागतात, आम्हांत तिघेच होते, म्हणून मुलाने हिब्रूमधून एक स्तोत्र वाचलं. मग प्रत्येकाने एकेक नाव मोठ्याने उच्चारायचं ठरलं होतं. बायकोचं नाव कुणी घ्यायचं हे ठरवायचं राहून गेलं होतं. क्षणभर शांतता. तळमजल्यावरच्या आजी खुर्ची घेऊन दाराशी बसल्या होत्या, त्यांनी घेतलं. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर, आता तिथे राहणाऱ्या कुटुंबाने त्यांच्या पियानोसाठी घर उघडं ठेवलं. मेंडेल्सझोन वाजवला; हे ज्यू घराण्यात जन्मलेले जर्मन संगीतकार. नाझींनी त्यांचं संगीत बंद केलं होतं आणि 1936 मध्ये लाइपत्सिगमधला त्यांचा पुतळाही हटवला होता. अंगणाकडच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. मुलगा स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होता. त्या घरातल्या बाईंनी त्याला खुर्ची दिली, तेव्हा त्याने विचारलं, इथे किती खुर्च्या आहेत? तीन नव्हत्या, पाच होत्या. तो बसला.

पितळ महिन्या-दीड महिन्यात काळवंडतं. इथे लोक धातूची पॉलिश वापरतात. मी 9 नोव्हेंबरला चिंच भिजवून नेली, घरच्या समईसारखी घासली आणि चिंचेचं पाणी सांध्यांत मुरू नये म्हणून भरपूर पाण्याने धुऊन मऊ फडक्याने कोरडं केलं. तारेची घासणी मात्र वापरू नका, अक्षरांच्या कडा जातात. आता 27 जानेवारी (नाझींच्या बळींचा स्मृतिदिन), 9 नोव्हेंबर आणि 30 नोव्हेंबर, वर्षातून तीनदा पुसायचं असं इमारतीत वाटून घेतलंय. पाण्याची बादली आजी भरून ठेवतात.

नगरभवनाच्या भिंतीवर आमच्या क्रमांकाची चार कार्डं आहेत हे वर लिहिलंच आहे. चौथं माझ्याने अजून सुटलेलं नाही. तिसरं आणि चौथं ही एकेकट्या माणसांची आहेत. तिसऱ्या कार्डावरच्या बाईंचं शेवटचं स्वतःचं घर दुसऱ्या रस्त्यावर निघालं, आणि तिथल्या रहिवाशांनी त्यांचा दगड आधीच बसवला होता. सक्तीने हलवलेल्यांचं असं होतं. चौथे गृहस्थ तळमजल्यावर मागच्या बाजूला राहायचे, पोटभाडेकरू. साक्षपत्र नाही, फोटो नाही, नातेवाईक सापडत नाहीत. अर्ज 16 जानेवारी 2023 ला पाठवला.